नव्या उपकरणातील सुविधा खरोखर उपयोगी आहे का, हे कसे ठरवावे

गेल्या महिन्याभरात जुन्या उपकरणाने आपल्याला नेमके कुठे अडवले, हे प्रथम कागदावर लिहून काढावे. नवी सुविधा त्यांपैकी एकही अडचण दूर करत नसेल, तर ती कितीही आकर्षक असली तरी आपल्यासाठी नाही.

त्यानंतर जाहिरातीतील आकड्यामागचे गणित पाहावे. १०८ मेगापिक्सेलचा कॅमेरा असलेले अनेक फोन नेहमीच्या वापरात शेजारचे नऊ पिक्सेल (चित्र ज्यांचे बनते ते बारीक ठिपके) एकत्र करून १२ मेगापिक्सेलचेच छायाचित्र देतात. अंधुक प्रकाशात ते हिताचेच असते, मात्र केवळ आकड्यासाठी जादा पैसे मोजणाऱ्याला हे ठाऊक असायला हवे. फोर-के टीव्हीत ३८४० गुणिले २१६० पिक्सेल, म्हणजे फुल एचडीच्या चौपट असतात. परंतु पडदा लहान आणि बसण्याची जागा दूर असेल, तर डोळ्याला तो फरक जाणवत नाही, म्हणून खरेदीपूर्वी घरातील अंतर टेपने मोजावे. १२० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला १२० वेळा चित्र ताजे करणाऱ्या पडद्यावर मजकूर सरकवताना येणारी सफाई मात्र अनेकांना चटकन जाणवते, जरी त्यापायी बॅटरी अधिक खर्च होत असली तरी.

हाती असलेल्या उपकरणातील शंकास्पद सुविधा सेटिंग्जमधून १५ दिवस बंद ठेवावी आणि तिची आठवणच झाली नाही, तर बंदच राहू द्यावी. (माझ्या घड्याळातील निम्म्या सूचना अशाच गेल्या.) आणीबाणीच्या कॉलसारख्या सुविधांना मात्र ही कसोटी लावू नये, कारण त्यांची गरज क्वचितच पडते, पण पडते तेव्हा त्यांना पर्याय नसतो.