नव्या पक्षाने बहुरंगी आघाडीचे नेतृत्व कसे करावे

नवा पक्ष आघाडीच्या अग्रस्थानी येतो, त्यामागे त्याची ताकद असतेच असे नाही. अनेकदा जुन्या पक्षांना एकमेकांचे नेतृत्व मान्य नसते, आणि कोणाचेच जुने देणे नसलेला नवा पक्ष सर्वांना चालण्यासारखा वाटतो. मलेशियात 2018 साली पाकातान हारापान या आघाडीला 222 पैकी 113 जागा मिळाल्या. त्यांतील केवळ 13 जागा बेरसातू या जेमतेम दोन वर्षांच्या पक्षाच्या होत्या, तरीही पंतप्रधानपद त्याच पक्षाच्या महाथीर मोहम्मद यांच्याकडे गेले. म्हणून वाटाघाटींना बसण्याआधी नव्या पक्षाच्या नेत्यांनी आपल्याला हे स्थान संख्याबळामुळे मिळाले आहे की सर्वमान्यतेमुळे, हे स्वतःशी स्पष्ट करून घ्यावे. सर्वमान्यतेतून आलेले नेतृत्व घटक पक्षांना दटावून टिकत नाही.

पहिली बैठक जागावाटपाची ठेवू नये, ती कार्यक्रमाची ठेवावी. किमान समान कार्यक्रम लिहिताना ज्यांवर एकमत आहे ते मुद्दे सहज कागदावर येतात. खरी कसोटी उरलेल्या मुद्द्यांची असते. कोणते विषय या कार्यकाळात मुळीच हाती घ्यायचे नाहीत आणि कोणत्या विषयांवर घटक पक्षांना वेगळी भूमिका जाहीरपणे मांडण्याची मोकळीक राहील, हेही त्याच मसुद्यात लिहावे. न्यूझीलंडमध्ये अशा मतभेदांसाठी मंत्रिमंडळाच्या कार्यपद्धतीतच तरतूद आहे, त्यामुळे एखाद्या प्रश्नावर वेगळे मत मांडले म्हणजे सरकार पडते असे होत नाही.

अवघड मुद्दा विजयानंतर पाहू म्हणून पुढे ढकलला, तर काय होते याचे ठळक उदाहरण भारतातील जनता पक्ष आहे. काँग्रेस (संघटना), भारतीय लोकदल, भारतीय जनसंघ आणि समाजवादी पक्ष जानेवारी 1977 मध्ये एकत्र आले आणि मार्चमध्ये त्यांनी केंद्रातील सत्ता मिळवली. पूर्वीच्या जनसंघाच्या सदस्यांनी राष्ट्रीय स्वयंसेवक संघाशी असलेले नाते ठेवावे की तोडावे, हा दुहेरी सदस्यत्वाचा प्रश्न मात्र तेव्हा सोडवला गेला नाही. त्याला नेत्यांमधील सत्तास्पर्धेची जोड मिळाली आणि जुलै 1979 मध्ये मोरारजी देसाई यांचे सरकार गेले.

निवडणूक चिन्हाचा निर्णय लवकर घ्यावा, कारण नव्या पक्षाची नोंदणी वेळेत होईलच अशी खात्री नसते. जनता पक्षाच्या उमेदवारांनी 1977 ची निवडणूक प्रामुख्याने भारतीय लोकदलाच्या नांगरधारी शेतकरी या चिन्हावर लढवली. मलेशियातही आघाडीची नोंदणी झाली नाही, तेव्हा द्वीपकल्पातील घटक पक्षांनी पीकेआर या एकाच पक्षाचे चिन्ह स्वीकारले. दुसऱ्याचे चिन्ह घेण्यात कमीपणा मानू नये. एका मतदारसंघात एकच चिन्ह आणि एकच उमेदवार असणे त्याहून महत्त्वाचे आहे.

जागावाटपासाठी आकड्यांचा आधार आधी ठरवावा आणि नावे नंतर घ्यावीत. मागील निवडणुकीत कोण पहिल्या, कोण दुसऱ्या स्थानावर होते, यावरून सुरुवात केली म्हणजे निदान चर्चेला जमीन मिळते. नव्या पक्षाकडे असे जुने आकडे नसतात, त्यामुळे त्याने कोणत्याही घटकाने दीर्घकाळ न जिंकलेल्या जागांवर आग्रह धरावा आणि मित्रपक्षाच्या हक्काच्या जागा मागू नयेत. मैत्रीपूर्ण लढतीला मात्र ठाम नकार द्यावा. अशा लढतीत मतविभागणी तर होतेच, शिवाय ज्या कार्यकर्त्यांनी एकत्र प्रचार करायचा तेच एकमेकांविरुद्ध दारोदार फिरतात आणि ती कटुता पुढची अनेक वर्षे जात नाही.

सर्वांत जास्त वेळ सत्तावाटपाच्या करारावर घालवावा. केनियात 2002 साली नार्क या आघाडीने 1963 पासून सत्तेत असलेल्या कानू पक्षाचा पराभव केला. सत्तेतील निम्मा वाटा आणि आघाडीतील एक प्रमुख नेते राइला ओडिंगा यांच्यासाठी नव्याने निर्माण करायचे पंतप्रधानपद, असा समझोता निवडणुकीपूर्वी झाल्याचे त्यांच्या गटाचे म्हणणे होते. तो पाळला गेला नाही ही त्यांची तक्रार शेवटपर्यंत राहिली. नोव्हेंबर 2005 मधील घटनाविषयक सार्वमतात सरकारमधीलच मंत्री परस्परविरुद्ध प्रचार करत होते. सरकार हरले आणि राष्ट्राध्यक्ष म्वाई किबाकी यांनी मंत्रिमंडळच बरखास्त केले. मलेशियात महाथीर यांच्यानंतर पीकेआरचे नेते अन्वर इब्राहिम पंतप्रधान होतील हे ठरले होते, पण तारीख बंधनकारकपणे ठरली नव्हती. त्या संदिग्धतेने फेब्रुवारी 2020 मध्ये सरकार संपवण्यात मोठा वाटा उचलला.

याउलट इस्रायलमध्ये 2021 साली आठ पक्षांची मोट बांधणाऱ्या याइर लापिद यांनी स्वतःच्या पक्षाच्या 17 जागा असूनही पंतप्रधानपदाची पहिली पाळी सात जागांच्या पक्षाच्या नाफ्ताली बेनेट यांना दिली, आणि संसद विसर्जित झाल्यास काय होईल हेही करारात लिहून घेतले. आघाडी वर्षभरच टिकली, तरी 1 जुलै 2022 रोजी सत्तांतर करारानुसार शांतपणे झाले. पद, तारीख आणि सरकार मध्येच पडल्यास लागू होणारी व्यवस्था या तिन्ही गोष्टी लिहून, शक्य असेल तर तो करार जनतेसमोर ठेवावा.

सरकार आल्यावर समन्वय समितीची बैठक ठरलेल्या दिवशी घ्यावी, केवळ संकट आल्यावर नव्हे, आणि सर्वांत लहान घटक पक्षालाही तिथे विषय मांडण्याचा अधिकार द्यावा. त्याच वेळी स्वतःच्या आमदार-खासदारांकडे दुर्लक्ष करू नये. बेनेट सरकारने एप्रिल 2022 मध्ये बहुमत गमावले ते त्यांच्याच पक्षाच्या सदस्या बाहेर पडल्यामुळे. नव्या पक्षात बहुतेक लोकप्रतिनिधी प्रथमच निवडून आलेले असतात आणि मित्रपक्षासाठी केलेल्या प्रत्येक तडजोडीचा जाब त्यांना मतदारसंघात द्यावा लागतो. म्हणून तडजोड जाहीर होण्यापूर्वी ती त्यांना नेत्यांनी स्वतः समजावून सांगावी आणि त्यांचे आक्षेप ऐकून घ्यावेत.