सहावी-सातवीला तर्क शिकवताना या चुका टाळा

मुलांना तर्क कसा शिकवायचा, असं नवे शिक्षक विचारतात आणि मी तोंड उघडायच्या आत दुसरा प्रश्न टाकतात, "एखादी वर्कशीट आहे का?" आहेत ना, ढीगभर आहेत. त्यातल्या निम्म्या ‘पुढची संख्या ओळखा’ छापाच्या असतात, आणि माझं पहिलं भांडण त्यांच्याशीच आहे.

नमुना दिसला की सिद्ध झालं म्हणणं

एके वर्षी सातवीच्या वर्गात फळ्यावर वर्तुळ काढलं. वर्तुळावर बिंदू घ्यायचे, प्रत्येक बिंदू बाकीच्या सगळ्यांशी जोडायचा आणि आत किती भाग पडले ते मोजायचं. एका बिंदूला १ भाग, दोनला २, तीनला ४, चारला ८, पाचला १६. "मग सहाला?" अख्खा वर्ग ओरडला, "बत्तीस!" मीही खूश. दुपटीचा नियम फळ्यावर लिहूनसुद्धा टाकला.

मागच्या बाकावरची एक मुलगी मात्र वहीत मोजत बसली होती. "सर, एकतीसच येतायत." म्हटलं, एखादा सुटला असेल, परत मोज. परत एकतीस. तिच्या शेजारणीचे तर तीसच आले. मी हसून म्हणालो, "बघा, दोघींची उत्तरं वेगळी, म्हणजे मोजण्यातच घोळ आहे." तास संपला.

रात्री मोठा कागद घेऊन बसलो. एकतीस. शेजारणीचे तीसही बरोबर होते, कारण तिने सहा बिंदू अगदी सारख्या अंतरावर घेतले होते. मधल्या तीन रेषा एकाच बिंदूत मिळाल्या आणि तिथला चिमुकला त्रिकोणच गायब झाला. दोघींनी नीट मोजलं होतं. न मोजणारा वर्गात एकटा मीच नव्हतो, पण खडू माझ्या हातात होता. दुसऱ्या दिवशी वर्गासमोर कबूल केलं.

तेव्हापासून फळ्याचा उजवा कोपरा ‘अंदाज’ म्हणून राखून ठेवतो. नमुन्यातून निघालेलं सगळं तिथे जातं आणि कारण सापडेपर्यंत तिथेच राहतं. काही अंदाज महिनाभर पडून असतात, पडू द्यावेत. "सर, किती उदाहरणं तपासली की पुरे?" असं कुणी विचारलं की एक काम देतो. कुठलीही पूर्ण संख्या घे, तिच्या वर्गात तीच संख्या आणि ४१ मिळव. ० पासून ३९ पर्यंत दरवेळी मूळ संख्याच मिळते. ४० घेतले की येतात १६८१, म्हणजे ४१ × ४१. चाळीस वेळा बरोबर आलेली गोष्ट एक्केचाळिसाव्या वेळी आपटते, हे स्वतः गुणाकार करून कळलं की मूल पुन्हा तो प्रश्न विचारत नाही.

‘जर-तर’ उलटं वाचू देणं

‘संख्येला ६ ने भाग जात असेल तर ती सम असते’, हे सगळ्यांना पटतं. पाच मिनिटांनी कुणीतरी म्हणतं, "१४ सम आहे, म्हणजे ६ ने भाग जाणार." हसू नका. पीटर वेसन या मानसशास्त्रज्ञाने १९६६ साली मांडलेल्या चार पत्त्यांच्या कोड्यात मोठी माणसंही इथेच अडकतात. मी ते असं घेतो: प्रत्येक पत्त्याच्या एका बाजूला अक्षर, दुसऱ्या बाजूला संख्या; समोर दिसतात अ, क, ४, ७. नियम असा, की एका बाजूला स्वर असेल तर दुसऱ्या बाजूला सम संख्या असते. नियम पाळलाय का हे तपासायला कोणते पत्ते उलटाल? बहुतेकांचा हात ‘अ’ आणि ‘४’ कडे जातो. ‘अ’ बरोबर, पण ४ च्या मागे काहीही निघालं तरी नियम मोडत नाही. त्याऐवजी उलटायला हवा तो ७, कारण त्याच्या मागे स्वर निघाला तर नियम गेला.

‘जर-तर’ची अशी उलटापालट म्हणजे ‘व्यत्यास’, पण हा शब्द मी नंतर सांगतो. आधी सवय लावतो ती विधान खोटं पाडायची. ‘४ ने आणि ६ ने भाग जातो, म्हणजे २४ ने जाणारच’, असं कुणी म्हटलं की मी गप्प बसतो. कुणीतरी १२ म्हणतंच.

बाकीच्या, थोडक्यात

फक्त चुकलेल्या उत्तराला ‘का?’ विचारू नका. ‘का’ म्हणजे ‘चुकलं’ एवढंच मुलं शिकतात आणि लगेच उत्तर बदलतात.

‘एकूण’ दिसलं की बेरीज, ‘उरले’ दिसलं की वजाबाकी असले शॉर्टकट मला अजिबात सहन होत नाहीत. ‘एकूण ४५ गोळ्या, त्यातल्या १७ लाल, बाकीच्या निळ्या. निळ्या किती?’ हे गणित द्या आणि किती जण ६२ लिहितात ते बघा.

सत्यता सारणी, म्हणजे जोडविधान कधी खरं आणि कधी खोटं ते दाखवणारा तक्ता, सहावीत आणू नका.

तास संपायला दहा मिनिटं उरली म्हणून कोडं देऊ नका. द्यायचंच तर सुरुवातीला द्या, आणि प्रश्न विचारल्यावर स्वतः बोलू नका. मी मनात वीसपर्यंत मोजतो. बाराच्या आसपास जीभ वळवळायला लागते, तेव्हा खडूचा डबा आवरायला घेतो.