एमएस्सी अ‍ॅग्रीला विषय कसा निवडायचा

बीएस्सी अ‍ॅग्रीचं शेवटचं वर्ष आलं की सगळ्यांचा एकच प्रश्न, एमएस्सीला काय घेऊ, आणि उत्तरही ठरलेलं, ज्यात जॉब आहे ते घे. माझं म्हणणं वेगळंय. त्या विषयात दिवसभर हाताने काय काम करावं लागतं ते आधी बघा, कारण दोन वर्षं तुम्हालाच काढायचीत आणि थिसिसही तुम्हालाच लिहायचाय.

आता ब्रीडिंग (पिकांच्या नवीन जाती तयार करण्याचं शास्त्र) घेतलं आणि कापूस वाट्याला आला, तर संध्याकाळी प्लॉटवर जाऊन उद्या उमलणारी कळी हेरायची, अंगठ्याच्या नखाने पाकळ्या आणि पुंकेसर अलगद सोलून काढायचे, आतल्या स्त्रीकेसराला धक्का लागता कामा नये, मग पिशवी चढवायची, टॅग बांधायचा आणि सकाळी परत येऊन त्यावर नराचं फूल फिरवायचं. असं रोज, कळीमागून कळी. ज्याला यात गोडी वाटते त्याने डोळे झाकून ब्रीडिंग घ्यावं. नीलम आणि हापूसच्या संकरातून कोकणात रत्ना आंबा आला तो अशाच चिकाटीने.

पॅथॉलॉजी (पिकांच्या रोगांचं शास्त्र) मी स्वतः केलंय. बटाटा उकडून पीडीए, म्हणजे बुरशी वाढवायचं खाद्य, बनवा, ऑटोक्लेव्हमध्ये वाफेवर निर्जंतुक करा, रोगट पानाचा तुकडा प्लेटमध्ये ठेवा, चार दिवसांनी बघावं तर भलतीच बुरशी, की परत पहिल्यापासून. पण हव्या त्याच बुरशीचं स्वच्छ कल्चर मिळतं ना, तेव्हा जो आनंद होतो तो मला अजून आठवतो. बायोटेक घेणार असाल तर पीसीआर (डीएनएच्या प्रती काढायचं मशीन) चालू आहे का, केमिकल वेळेवर येतात का, हे तिथल्या सिनियरलाच विचारा.

अ‍ॅडमिशनचं म्हणाल तर राहुरी, अकोला, परभणी, दापोली या चार विद्यापीठांसाठी राज्याची सीईटी, आणि दिल्लीच्या पुसाला (भारतीय कृषी संशोधन संस्था) वगैरे जायचं असेल तर आयसीएआरची, म्हणजे भारतीय कृषी संशोधन परिषदेची, पीजी परीक्षा, पीजी स्कॉलरशिपही त्यातूनच. आयसीएआरच्या फॉर्ममध्ये विषयगट निवडायचा असतो, तो नीट वाचूनच भरा.

पिकाचं वेड असेल तर आपल्याकडेच केंद्रं आहेत, द्राक्षाला मांजरी, कांदा-लसणाला राजगुरुनगर, डाळिंबाला सोलापूर, संत्रा आणि कापसाला नागपूर. एकदा जाऊन या.

आणि ऑप्शन भरण्याआधी लायब्ररीत बसून त्या डिपार्टमेंटचे अलीकडचे तीन-चार थिसिस काढा, मटेरियल अँड मेथड्सचं, म्हणजे काम कसं केलं ते सांगणारं, प्रकरण वाचा. वाचताना हे काम उद्या सकाळी आपणच करावं असं वाटलं, तर तोच विषय पहिल्या नंबरला टाका.