जुनी ओम्नी घेण्यापूर्वी काय तपासावे

मारुती ओम्नीचे उत्पादन 2019 मध्ये थांबले, त्यामुळे आज मिळणारी प्रत्येक गाडी वापरलेलीच असते. तिचे 796 सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन पुढील आसनांखाली असल्याने आसन उचलून ते थंड असतानाच पाहावे. रेडिएटरमधील पाण्यावर तेलाचा तवंग दिसला, तर हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा भाग म्हणजे हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधील सील) गेल्याची शंका घ्यावी. गॅस्केट स्वस्त असते. मात्र हेड उतरवणे, घासून सपाट करणे आणि पुन्हा बसवणे यांमुळे खर्च कित्येक पटींनी वाढतो. टायमिंग बेल्ट (इंजिनातील झडपांची उघडझाप पिस्टनच्या हालचालीशी जुळवणारा पट्टा) कधी बदलला याची नोंद नसेल, तर तो बदलायचाच आहे असे धरून भाव ठरवावा.

इंजिनाची ताकद मागील चाकांना मिळते, म्हणून गिअर टाकताना खालून ‘टक्’ असा आवाज आल्यास प्रोपेलर शाफ्टचे (ती ताकद मागे नेणाऱ्या दांड्याचे) क्रॉस, म्हणजे सांधे, तपासावेत; हे काम किरकोळ खर्चाचे आहे. सरकत्या दाराचे रोलरही तसेच.

खरी काळजी गंजाची. कोकणातील गाडी असेल, तर मॅट उचलून तळाचा पत्रा पाहावा, कारण कुजलेला पत्रा कापून वेल्डिंग करण्याचा खर्च इंजिनाच्या कामाइतकाही होऊ शकतो. अशी गाडी, माझ्या मते, घेऊच नये.