मंदीचे आकडे वाचताना या चुका टाळा

२०२० सालची आर्थिक घसरण समजून घेण्यासाठी लागणारी बहुतेक सरकारी आकडेवारी कोणालाही विनामूल्य उतरवून घेता येते, आणि ही फार मोठी सोय आहे. मात्र त्या सोयीबरोबर घाईही आली. तक्ता उघडायचा, शेवटच्या रकान्यातली टक्केवारी उचलायची, आलेख काढायचा आणि निष्कर्ष लिहून मोकळे व्हायचे, अशी पद्धत पडली आहे. या कामात नव्याने आलेल्यांची टिपणे तपासताना मला वर्षानुवर्षे त्याच चुका दिसतात, म्हणून त्या एकदा लिहून काढतो.

टक्केवारी पाहणे आणि मूळ निर्देशांक न पाहणे

जून २०२१ मध्ये इचलकरंजी भागातील एका पतसंस्थेच्या संचालक मंडळापुढे एका तरुण अधिकाऱ्याने यंत्रमागधारकांना वाढीव कर्ज देण्याचा प्रस्ताव मांडला. त्याचा मुख्य आधार एकच होता: एप्रिल २०२१ मध्ये देशाचे औद्योगिक उत्पादन आदल्या वर्षीच्या एप्रिलपेक्षा १३४.४ टक्क्यांनी वाढले होते. आकडा खरा होता आणि आलेखही सुबक होता. तो पाहून एक वयस्क संचालक म्हणाले, "अहो, देशाचं उत्पादन दुपटीच्या वर गेलं म्हणता, आणि माझे माग तर अजून एकाच पाळीत चालतात." सल्ल्यासाठी मी त्या बैठकीत होतो. मी त्या अधिकाऱ्याला टक्केवारीचा रकाना झाकून फक्त निर्देशांक, म्हणजे उत्पादनाची पातळी सांगणारा आकडा, वाचायला सांगितले. एप्रिल २०१९ मध्ये तो १२६.५ होता, टाळेबंदीच्या एप्रिल २०२० मध्ये ५४.० आणि एप्रिल २०२१ मध्ये १२६.६. दोन वर्षांत निर्देशांक ०.१ ने पुढे सरकला होता, इतकेच. खड्ड्यातून वर आलेला माणूस पुन्हा रस्त्यावर उभा राहिला, त्याला चढण चढला असे म्हणता येत नाही. ही वाढ असामान्य परिस्थिती लक्षात घेऊन वाचावी, असे आकडे जाहीर करणाऱ्या केंद्रीय सांख्यिकी मंत्रालयाच्या प्रसिद्धिपत्रकातच लिहिलेले होते. ती ओळ मात्र बैठकीला बसलेल्यांपैकी कोणीही वाचलेली नव्हती. तेव्हापासून माझी सवय अशी आहे की प्रसिद्धिपत्रकातील टिपा मी आधी वाचतो आणि तक्ते नंतर, आणि धक्क्यानंतरच्या वर्षाची तुलना नेहमी धक्क्याच्या आधीच्या वर्षाशी करतो.

बेरोजगारीचा दर एकटाच वाचणे

ही चूक मला सर्वांत जास्त खटकते, कारण तिच्यामुळे माणसांचे हाल आकड्यांतून पुसले जातात. नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणानुसार नेहमीच्या स्थितीप्रमाणे मोजलेला बेरोजगारीचा दर २०१८-१९ मध्ये ५.८ टक्के, २०१९-२० मध्ये ४.८ टक्के आणि २०२०-२१ मध्ये ४.२ टक्के होता. म्हणजे ज्या काळात लाखो माणसे शहरे सोडून पायी गावी निघाली, त्याच काळात हा दर उतरला. हे पाहून काही जण आनंदित होतात आणि काही जण आकडे खोटे ठरवतात. व्याख्या उघडून पाहण्याचे कष्ट मात्र दोघांनाही नको असतात.

पुण्यातल्या खानावळीत पगारावर काम करणारा आचारी खानावळ बंद पडल्यावर साताऱ्याकडच्या आपल्या गावी परतला आणि भावाच्या शेतावर राबू लागला, असे समजा. त्याच्या हातात महिन्याला एक रुपयाही येत नाही. सर्वेक्षणात मात्र तो घरच्या उद्योगातला विनावेतन मदतनीस, म्हणून रोजगारात असलेला, असा नोंदला जातो. याच काळात शेतीवर काम करणाऱ्यांचा वाटा ४२.५ वरून ४५.६ आणि पुढे ४६.५ टक्क्यांवर गेला, आणि गोष्ट खरी तिथे उलगडते. आधीच्या सात दिवसांवरून मोजलेला शहरी बेरोजगारीचा दर एप्रिल ते जून २०२० या तिमाहीत २०.९ टक्के होता. दोन्ही दर बरोबर आहेत. एक वर्षभराचा विचार करतो, दुसरा आठवड्याचा, आणि दुसऱ्यात गाव नाही. बेरोजगारीच्या दराशेजारी शेतीचा वाटा आणि विनावेतन मदतनीसांचे प्रमाण लिहिल्याशिवाय मी एक वाक्यही पुढे लिहीत नाही.

वेगवेगळ्या पट्ट्यांनी मोजलेले देश एका ओळीत बसवणे

ऑगस्ट २०२० च्या अखेरीस एप्रिल ते जून तिमाहीसाठी भारताच्या जीडीपीत आदल्या वर्षीच्या त्याच तिमाहीपेक्षा २३.९ टक्के घट जाहीर झाली, तेव्हा "अमेरिका तर ३२.९ टक्क्यांनी घसरली" असे सर्रास सांगितले गेले. अमेरिकेचा आकडा वार्षिक दरात बदललेला होता, म्हणजे तिमाहीतली घट सलग चार तिमाह्या चालू राहिली तर काय होईल, हे तो सांगत होता. प्रत्यक्ष घट साडेनऊ टक्क्यांच्या आसपास होती.

इतर चुका थोडक्यात. एखाद्या महिन्याचे जीएसटी संकलन मुख्यतः आदल्या महिन्याच्या व्यवहारांचे असते आणि त्यात महागाईही मिसळलेली असते. एप्रिल व मे २०२० चे किरकोळ महागाईचे आकडे अंशतः अंदाजाने भरलेले आहेत, कारण १९ मार्चपासून बाजारात जाऊन किमती टिपण्याचे काम थांबले होते. शेअर बाजारावरून अर्थव्यवस्था ओळखू नये: मार्च २०२० मध्ये २६ हजारांखाली गेलेल्या सेन्सेक्सने जानेवारी २०२१ मध्ये ५० हजारांचा टप्पा ओलांडला, आणि २०२०-२१ या त्याच आर्थिक वर्षात जीडीपी घटला.

शेवटची चूक म्हणजे पहिल्या अंदाजाला अंतिम मानणे. २००८ च्या शेवटच्या तिमाहीत अमेरिकेचा जीडीपी वार्षिक दराने ३.८ टक्क्यांनी घटल्याचे प्रथम सांगितले गेले. पुढच्या सुधारणांमध्ये ती घट ८ टक्क्यांच्याही वर गेली. ज्यांनी पहिल्या आकड्यावर संकटाची खोली ठरवली, त्यांनी ती निम्म्याहून कमी मोजली. आपल्याकडचा २३.९ सुद्धा पुढे २४.४ झाला. म्हणून मी उतरवून घेतलेल्या प्रत्येक फाइलच्या नावात तारीख घालतो आणि नवी फाइल आली तरी जुनी पुसत नाही.