‘नवीन काय आलंय?’ असं विचारणाऱ्याला पुस्तक कसं सुचवावं

गेली १९ वर्षं मी ग्रंथालयाच्या देवघेव विभागात बसते आणि ‘नवीन काय आलंय?’ हा प्रश्न रोज ऐकते. विचारणारे बहुतेक पट्टीचे वाचक असतात, महिन्याला सात-आठ पुस्तकं सहज संपवणारे. गाजलेलं बरंचसं त्यांनी आधीच वाचलेलं असतं. शिवाय आपली शिफारस दोनदा फसली की तिसऱ्यांदा ते विचारत नाहीत, सरळ कपाटांकडे वळतात. म्हणून अशा वाचकासमोर पुस्तकाचं नाव घ्यायची घाई करू नका.

‘तुम्हाला कुठल्या प्रकारचं आवडतं?’ हा प्रश्नही टाळा. त्यावर ‘काहीही द्या, चांगलं असलं म्हणजे झालं’ एवढंच उत्तर येतं. मी विचारते, ‘अलीकडे कुठलं पुस्तक हातातून सोडवत नव्हतं?’ आणि लगोलग, ‘कुठलं अर्धवट सोडलंत, आणि कुठे?’ दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जास्त कामाचं असतं. आवडलेल्या पुस्तकाबद्दल माणसं सगळे बोलतात तसंच बोलतात. सोडलेल्या पुस्तकाबद्दल मात्र अगदी स्वतःचं बोलतात.

एक निवृत्त गृहस्थ रहस्यकथाच न्यायचे. दोन वर्षं मी आलेली प्रत्येक नवी रहस्यकथा त्यांच्यासाठी बाजूला ठेवली. ते न्यायचे, परत आणायचे, काही बोलायचे नाहीत. एकदा मी वरचे दोन प्रश्न विचारले. त्यांनी एका जुन्या कादंबरीचं नाव घेतलं आणि दहा मिनिटं तिच्यातल्या पोलीस अधिकाऱ्याबद्दल बोलत राहिले: तो संध्याकाळी रिकाम्या घरात दिवा न लावता कसा बसतो, मुलीला फोन लावता लावता कसा ठेवून देतो. ‘खून कुणी केला ते मला साठाव्या पानावरच कळलं होतं,’ ते म्हणाले, ‘पण त्या माणसाचं पुढे काय होतं ते बघायचं होतं.’ त्यांना रहस्य नको होतं, एकटी माणसं हवी होती. त्या दिवशी मी त्यांना एका दीपगृहाच्या रखवालदारावरची नवी कादंबरी दिली. तिच्यात खून सोडा, साधी चोरीही नव्हती. तिसऱ्या दिवशी ते परत आले आणि विचारलं, ‘या लेखकाचं आणखी काही आहे?’

अमेरिकेतल्या सिएटलच्या माजी ग्रंथपाल नॅन्सी पर्ल यांनी हे फार चांगलं मांडलंय. पुस्तकात शिरायची चार दारं असतात असं त्या म्हणतात: कथानक, पात्रं, स्थळ आणि भाषा. वाचक बोलतो तेव्हा कान देऊन ऐका. ‘पुढे काय होतं ते कळेपर्यंत झोप आली नाही’ म्हणणारा कथानकाच्या दारातून आलेला असतो. ‘ती आजी अजून डोळ्यांसमोरून जात नाही’, हा पात्रांचा वाचक. ‘तिथे जाऊन आल्यासारखं वाटलं’ म्हणजे स्थळ, आणि ‘काही वाक्यं पुन्हा पुन्हा वाचली’ म्हणजे भाषा. एकदा दार कळलं की विषय बदलला तरी चालतो.

आता ‘गाजलेलं’ म्हणजे काय, ते. न्यूयॉर्क टाइम्सची खपाची यादी १९३१ पासून निघते आणि तशा याद्या आता सगळीकडे आहेत. अशी यादी आठवड्याचा खप सांगते. घेतलेल्यांपैकी किती जणांनी पुस्तक पुरं केलं, ते ती सांगू शकत नाही. मी परत आलेलं पुस्तक हातात घेऊन बघते. कण्यावरची घडी कुठपर्यंत आलीय? बाहेरच्या कडेवर बोटांचा मळकट पट्टा पहिल्या शंभर पानांवरच थांबलाय आणि पुढची पानं अजून पांढरी, एकमेकांना घट्ट चिकटलेली आहेत का? एकाच पुस्तकाच्या तीन प्रती अशा परत आल्या की समजावं, नेणारे खूप आहेत, संपवणारे कमी. याउलट एखादं साधंसं पुस्तक मुदतीच्या चार दिवस आधी परत येतं आणि त्याच घरातलं दुसरं कुणी ते मागायला येतं. माझ्या लेखी लोकप्रिय ते. तुमच्याकडे ग्रंथालय नसेल तर ओळखीच्यांना ‘आवडलं का?’ असं विचारण्यापेक्षा ‘पुरं वाचलंस का?’ असं विचारा.

नवेपणाचीही खात्री करून घ्या. मुखपृष्ठ बदलून जुनं पुस्तक पुष्कळदा नव्यासारखं येतं. नामपृष्ठामागचं पान उघडून पहिली आवृत्ती कधीची ते बघा. अनुवाद असेल तर मूळ पुस्तकाचं सालही. नुसत्या आयएसबीएनवर, म्हणजे पुस्तकाच्या ओळख-क्रमांकावर, विसंबू नका. प्रकाशक बदलला किंवा बांधणी बदलली की त्याच मजकुराला नवा क्रमांक मिळतो.

पारितोषिकांचा उपयोग मी जरा उलटा करते. विजेतं पुस्तक पट्टीच्या वाचकाला आधीच ठाऊक असतं. बुकरच्या दीर्घयादीत १२-१३ पुस्तकं असतात आणि लघुयादीत ६. या दोन याद्यांच्या मधे गळलेल्या पुस्तकांत मला सुचवण्यासारखं सर्वांत जास्त सापडतं.

सगळं वाचून होत नाही, ते कुणालाच जमत नाही. नव्या पुस्तकाची पहिली वीस पानं आणि दोन-तृतीयांशाच्या आसपासची दहा पानं मी वाचतेच. लेखकाचा दम तिथे कळतो, कारण सुरुवात सगळेच घासूनपुसून लिहितात. मग वाचकाला स्पष्ट सांगते, ‘मी तीसच पानं वाचलीत, पण भाषा तुमच्या जातकुळीतली आहे.’ न वाचता ‘अप्रतिम आहे’ म्हणू नका. ज्याची हयात वाचण्यात गेली, त्याला ते तुमच्या चेहऱ्यावरूनच कळतं.

भारतीय ग्रंथपाल एस. आर. रंगनाथन यांच्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांत एक आहे ‘प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक’. त्यापुढचं ‘प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक’ मला नव्या पुस्तकांसाठी जास्त उपयोगी पडतं. नवं पुस्तक कपाटात लावण्याआधी मी एका चिठ्ठीवर दोन वाचकांची नावं लिहून आत घालते. दोन नावं सुचली नाहीत तर ते पुस्तक मला अजून कळलेलं नाही असं समजून घरी नेते.

सुचवताना तीनपेक्षा जास्त पुस्तकं समोर ठेवू नका. गोष्ट सांगू नका, अडचण सांगा: ‘पहिली साठ पानं संथ आहेत’, ‘पात्रं खूप आहेत, नावं लक्षात ठेवावी लागतात’. आणि सोडायची मोकळीक द्या. पर्लबाईंचा त्यासाठी एक हिशेब आहे: वय पन्नासपर्यंत असेल तर पुस्तकाला ५० पानं द्यावीत, त्यापुढे शंभरातून वय वजा करावं. म्हणजे ७२ वर्षांच्या आजींनी २८ पानांत निर्णय घ्यायला हरकत नाही.

माझी एक चूक मात्र मला अजून सलते. एका ताईंना मी त्या वर्षी सगळे मागत होते ती कादंबरी दिली, आग्रहानं दिली. दुसऱ्याच दिवशी त्या ती परत घेऊन आल्या. खूण तेराव्या पानावर होती. त्या पानावर धाकटा भाऊ जातो. त्यांचा भाऊ दोन महिन्यांपूर्वी गेला होता, हे मला माहीत नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं. त्या काही बोलल्या नाहीत. पुस्तक टेबलावर ठेवून ‘दुसरं काही आहे का?’ एवढंच म्हणाल्या. तेव्हापासून मी तिसरा प्रश्न विचारते: ‘सध्या काय वाचावंसं वाटत नाही?’ कारण विचारत नाही. सांगायचं असेल तर माणूस आपणहून सांगतो.

हे सगळं लक्षात राहत नाही, म्हणून एक वही ठेवा. प्रत्येक वाचकाला एक पान द्या. त्यावर काय सुचवलं, कुठे सोडलं, कुठल्या दारातून शिरतो आणि सध्या काय नको, एवढं लिहिलं की पुरे. ताईंच्या पानावर मी ‘मृत्यू नको’ लिहून ठेवलं होतं आणि जवळजवळ वर्षभर ते पाळत होते. मग एका दुपारी त्यांनीच विचारलं, ‘ते तेव्हाचं पुस्तक आत आहे का हो? आता वाचेन म्हणते.’ त्या दिवसापासून वहीत ‘नको’ लिहिलं की मी शेजारी तारीख घालते, आणि सहा महिन्यांनी पुन्हा विचारते.