अलिबागच्या पिनकोडाची पूर्ण तपासणी

पोस्टात सॉर्टिंगला होते तेव्हा ४०२२०१ हा अलिबागचा पिन रोज शेकडो वेळा नजरेखालून जायचा. संख्या म्हणून त्याच्याकडे पाहिलं ते निवृत्तीनंतर, पावसात पडवीत बसून, सहावीतल्या नातवाबरोबर. तुम्हीही आपल्या गावचा पिन घ्या आणि कागद-पेन्सिलीनंच करा. मोबाइलवर उत्तर मिळतं, पण संख्येची ओळख होत नाही.

आधी अंकांची बेरीज. ४+०+२+२+०+१ = ९, म्हणजे ९ नं भाग जाणारच. स्वतःच्याच अंकांच्या बेरजेनं भाग जाणारी संख्या ती हर्षद. हे सुंदर नाव गणितज्ञ द. रा. कापरेकरांनी दिलं. जन्म डहाणूचा, १९०५ चा; नोकरी देवळालीला शाळामास्तराची. रत्नागिरीच्या ४१५६१२ ची बेरीज १९ येते आणि भागल्यावर ६ उरतात, म्हणून तो हर्षद नाही.

आता अवयव. पिन मधोमध तोडा आणि वजाबाकी करा: ४०२ − २०१ = २०१. या २०१ ला ७, ११ किंवा १३ नं भाग गेला, तर अख्ख्या पिनलाही जातो, कारण ७×११×१३ = १००१. इथे तिघांनीही जात नाही. एका वजाबाकीत तीन लांबलचक भागाकार वाचले! सहा अंकी संख्येसाठी याहून सोयीची युक्ती मला माहीत नाही.

९ नं भागल्यावर ४४६८९. १७ नाही, १९ नाही, २३ नं मात्र नेमके १९४३. नातवानं लगेच १९४३ भोवती चौकट काढली, ‘आजी, ही मूळ संख्या!’ थांबायचं ते इथेच. १९४३ चं वर्गमूळ ४४ च्या जरासं वर आहे. ४३ पर्यंतच्या मूळ संख्या तपासल्याशिवाय चौकट काढायची नाही. २९ नं भाग गेला, ६७ आले. तेव्हा ४०२२०१ = ३²×२३×२९×६७.

प्रत्येक घातांकात १ मिळवून गुणा: ३×२×२×२ = २४ विभाजक. त्यांची बेरीज (१+३+९)×(१+२३)×(१+२९)×(१+६७), म्हणजे १३×२४×३०×६८ = ६३६४८०. त्यातून खुद्द ४०२२०१ वजा केले की २३४२७९, पिनपेक्षा कमी. म्हणून ही न्यून संख्या. बेरीज नेमकी जुळली असती तर परिपूर्ण, जशी ६ = १+२+३.

स्वयंभू आहे का, तेही बघा. एखाद्या संख्येत तिचेच अंक मिळवून ४०२२०१ येत असेल, तर स्वयंभू नाही. ४०२१८३ ची बेरीज १८, मिळवा. आला अलिबाग! जनक सापडला.

शेवटचं माझं सगळ्यात आवडतं. अंक उतरत्या क्रमानं लावा, त्यातून चढता क्रम वजा करा: ४२२१०० − ००१२२४ = ४२०८७६. तेच पुन्हा करत राहा: ८५१७४२, ७५०८४३, ८४०८५२, ८६०८३२, ८६२६३२, ६४२६५४ आणि परत ४२०८७६. चार अंकी संख्यांवर हेच करताना कापरेकरांना ६१७४ सापडला; तिथून पुढे वजाबाकीत ६१७४ च येत राहतो. सहा अंकांत असा सातांचा फेराही आहे. मग आम्ही कापरेकरांच्या गावाकडचा, डहाणू रोडचा ४०१६०२ घेतला. सातव्या वजाबाकीला तोही ४२०८७६ वर आला.